पन्नाशीतली नायिका

(वाचकांची पत्रे आणि उत्तरे)

ताई, नमस्कार. मी वडगावची, वय ५४. घरात दोन माग आहेत. माग हे चालवतात, मी सुताच्या कांड्या भरते आणि घरचं बघते. ‘आई कुठे काय करते’ लागायची तेव्हा साडेसातला माझं काम थांबायचं म्हणजे थांबायचंच. मालिका संपली, खरं मुलीनं आता मोबाईलवर लावून दिलीय आणि मी कांड्या भरता भरता पहिल्या भागापासून परत बघायला लागलेय. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये येतात, त्यातून रिचार्ज मीच करते. अडचण अशी की धाकटे दीर येता-जाता बोलतात, “वहिनी, नवरा सोडणाऱ्या बायका बघून काय शिकणार तुम्ही?” सून शिकलेली आहे, ती म्हणते, “आई, या मालिका म्हणजे नुसतं रडगाणं, काळाच्या मागं.” दोघांचं ऐकून वाटतं, मी काहीतरी चोरून करतेय. आणखी एक, कुणाला सांगितलं नाही अजून. मला ती संजनाही आवडते. नवरा पळवणारी बाई आवडावी म्हणजे माझंच काही बिघडलंय काय? माझ्या संसारात तसलं दुःख नाही. हे फार चांगले आहेत. मग मालिकेतल्या अरुंधतीनं घर सोडलं त्या दिवशी मला एवढा आनंद का झाला?
– एक वाचक भगिनी, वडगाव, बेळगाव

ताई, तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे, म्हणून आधी तोच घेते.

वीस वर्षांची नायिका घर सोडून निघते तेव्हा तिच्या हातात एक बॅग असते आणि पुढे सगळं आयुष्य. पन्नाशीकडे झुकलेली बाई उंबरा ओलांडते तेव्हा मागं काय काय राहतं ते तुम्हाला सांगायला नको. सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, मुलीचं जमायला आलेलं लग्न, फडताळात कुठल्या डब्यात काय आहे याची सगळी माहिती, पंचवीस वर्षांची सवय. एवढं सोडून ती जाते म्हणजे तिनं किती विचार केला असेल! नाटकात रस तयार होतो तो इथं. जिच्याकडे गमावण्यासारखं पुष्कळ आहे, तिच्या निर्णयाला वजन येतं. तुम्हाला आनंद झाला तो ते वजन तुम्हाला नेमकं कळलं म्हणून. त्यासाठी स्वतःच्या घरात दुःख असावं लागत नाही. उलट तुमचा संसार सुखाचा आहे म्हणून ती काय सोडून चाललीय हे तुम्हाला जास्त कळतं.

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षं कामं केली आहेत, इथंच बेळगावात. शाळेची नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमी. तिशीपर्यंत नायिकेच्या भूमिका मिळाल्या. नंतर एकदम आई. आणि आईला काम काय? दुसऱ्या अंकात ट्रे घेऊन यायचं, “घे रे बाबा, चहा गार होतोय” म्हणायचं, मुलाकडे काळजीनं बघायचं आणि आत जायचं. आत गेल्यावर ती बाई काय करते, कशाचा विचार करते, हे लेखकालाच माहीत नसायचं. मी विंगेत उभी राहून नायक-नायिकेचे प्रवेश ऐकायची आणि मनात म्हणायची, अरे, त्या ट्रे घेऊन गेलेल्या बाईला आता कुठे काही बोलण्यासारखं सुचायला लागलंय, तिला बाहेर बोलवा की! म्हणून २०१९च्या डिसेंबरात मधुराणी गोखले-प्रभुलकरची अरुंधती आली तेव्हा मला फार बरं वाटलं. ती आत गेलेली बाई बाहेर आली आणि मधोमध उभी राहिली.

तिचा प्रवास तुम्हाला पाठ आहे, इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. लग्नाला पंचवीस वर्षं होत आलेली असताना नवऱ्याचे, अनिरुद्धचे, ऑफिसातल्या संजनाशी संबंध आहेत हे अरुंधतीला कळतं. मग घटस्फोट, स्वतःचं गाणं, पुढं दुसरं लग्न. मूळ गोष्ट बंगाली, ‘श्रीमोयी’ नावाची, तीही २०१९चीच. इंद्राणी हलदर त्यात होत्या. बघता बघता तीच बाई कन्नड, मराठी, मल्याळम, तेलुगू, तमिळ आणि हिंदीत आली. हिंदीतली ‘अनुपमा’ तुम्हाला माहीत असेलच. एवढ्या भाषांतल्या बायका संध्याकाळी हातातलं काम ठेवून हीच गोष्ट बघत होत्या. दिरांना सांगा, सगळ्यांचीच घरं मोडली असती तर एव्हाना देशात घर उरलं नसतं.

आपल्या भागाची त्यात वेगळीच मजा. कन्नडमध्ये ती ‘इंती निम्म आशा’ म्हणून होती. आमच्या शेजारच्या अक्का ती बघायच्या आणि मी मराठी. सकाळी गच्चीवर धुणं वाळत घालताना त्यांचा पहिला प्रश्न, “निम्म अरुंधती एन माडिदळ्री?” म्हणजे, तुमच्या अरुंधतीनं काय केलं? मग मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगायची, त्या त्यांच्या मोडक्या मराठीत आशाचं सांगायच्या. आमचे वाद व्हायचे. अक्कांचं म्हणणं, बाईनं आधी पैशाची सोय करावी, मग तोंड उघडावं. माझं म्हणणं, तोंड उघडल्याशिवाय पैशाची सोय करायला सुचतच नाही. चिमटे संपले तरी वाद संपायचा नाही. अक्कांची लेक माहेरपणाला आली की तीही कठड्याला टेकून ऐकत उभी राहायची. त्या निमित्तानं अक्कांनी स्वतःच्या नावावर पोस्टात काय काय ठेवलंय हेही मला सांगितलं. एवढ्या वर्षांच्या शेजारात तो विषय आमच्यात कधी निघाला नव्हता.

आता संजना. ताई, तुमचं काहीच बिघडलेलं नाही. मला तर वाटतं, तुम्ही मालिका चांगल्या डोळ्यांनी बघता. संजना कशी आहे आठवा. तिला नवरा आहे, शेखर. मुलगा आहे, निखिल. नोकरीत ती हुशार आहे. कुणी भुलवून आणलेली भोळी नाही आणि पडद्यावर नुसते डोळे फिरवणारी खलनायिकाही नाही. तिला काय पाहिजे ते तिला माहीत आहे. ते मिळवायला ती जे करते ते वाईट आहे, यात शंका नाही. मग अनिरुद्धशी लग्न करून ती देशमुखांच्या घरात येते आणि तिच्या वाट्याला काय येतं? तेच स्वयंपाकघर, त्याच सासूबाई, तोच नवरा आणि त्याची तीच तऱ्हा. अरुंधती जिथून बाहेर पडली, नेमकी तिथंच संजना अडकते. रूपाली भोसलेनं हे अडकणं फार चांगलं दाखवलं. मान ताठ, ओठांवर लिपस्टिक जशीच्या तशी, बोलणं तेवढंच धारदार. फक्त नजर आधीसारखी समोरच्यावर रोखलेली राहत नाही, दरवाजाकडे जाते. अनिरुद्ध ऑफिसातून येईल तेव्हा आज कुठल्या मूडमध्ये असेल, हे ती आता अंदाजानं बघत असते. अरुंधती हेच पंचवीस वर्षं करत होती.

दोन बायका समोरासमोर आणि दोघींनाही स्वतःची अक्कल आहे, स्वतःची कारणं आहेत, असं असेल तरच प्रवेश रंगतो. एक देवी आणि एक चेटकीण असेल तर बघणाऱ्याला काही कामच उरत नाही. तुम्हाला दोघी आवडतात कारण लेखणीनं दोघींना माणूस केलंय. संजना आवडते म्हणजे तिचं वागणं पटतं असं नाही, आणि हे तुम्हाला कुणासमोर शपथेवर सांगायची गरज नाही.

दिरांना मात्र एक गोष्ट जरूर सांगा, शांतपणे, जेवायला वाढताना वगैरे नको, ते मोकळे बसलेले असताना. देशमुखांचं घर अरुंधतीनं मोडलं नाही. ती निघाली त्याच्या कितीतरी आधी ते खोटं बोलणाऱ्या माणसानं मोडलं होतं. हे त्या मालिकेत पहिल्या दिवसापासून आहे. त्यांनी चार भाग बसून बघितले तर त्यांनाही दिसेल.

सुनेचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ती अर्धी बरोबर आहे. रोजच्या मालिकेचं गणित असं असतं की अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या तर गोष्ट वीस-बावीस मिनिटांची, पण ती आठवड्याचे पाच-सहा दिवस द्यायची आणि संपणार कधी ते सुरुवातीला कुणालाच ठाऊक नसतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, आकडे घसरले की गोष्ट वळवली जाते. दुसरं कारण त्याहून साधं आहे. घराचा सेट एक असतो. सगळी पात्रं त्याच दिवाणखान्यात जमली पाहिजेत. त्यामुळं घटस्फोट झालेली, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली अरुंधतीसुद्धा काही ना काही निमित्तानं पुन्हा देशमुखांच्याच सोफ्याशेजारी उभी दिसते. कुणाचं तरी आजारपण, कुणाचं तरी लग्न. मग बाईनं जे ठरवलं ते पातळ होत जातं. याचा मला राग येतो, आणि तुमच्या सुनेलाही तोच येतो असं मला वाटतं. शेवटी शेवटी मालिका दुपारच्या वेळेत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली, तोवर माझाही धीर सुटत आला होता.

म्हणून मी एक पाहते. बाईनं एखादी गोष्ट ठरवली तर ती पुढचा आठवडाभर तरी टिकते का? तिच्या ठरवण्यानं घरातल्या दुसऱ्या कुणाला काही बदलावं लागतं का, की बाकीचे होते तसेच आणि ही एकटी मोठ्या मनाची? जिथं टिकतं तो भाग मन लावून बघावा. जिथं नुसतं संगीत वाजतंय आणि चेहरे तीन-तीनदा दिसताहेत तिथं बोटानं पुढं सरकवावं, मोबाईलवर ती सोय आहेच. सुनेला सगळी मालिका बघ म्हणू नका. घटस्फोटाच्या आसपासचे भाग काढून द्या आणि अरुंधतीच्या सासूबाईंकडे, कांचनआईंकडे, लक्ष ठेव म्हणून सांगा. सून-सासू म्हणून तुम्हा दोघींत त्यावर जे बोलणं होईल त्याची मला उत्सुकता आहे. जमलं तर कळवा.

एक काळजीची गोष्ट. पत्रात तुम्ही लिहिलंय की आता कांड्या भरता भरता मोबाईल समोर ठेवता. ते नको. बोटं जपा. आधीसारखं काम थांबवून बघा. ती अर्ध्या तासाची सुट्टी तुमची हक्काची आहे.

मी खानापूरला बी.ए. करते. वर्गात चर्चा निघाली की टीव्हीवर मोठ्या वयाच्या, ठाम बायका आता आता दिसायला लागल्या. हे खरं आहे का? आणि आपल्या भागातल्या कुणावर अशी मालिका व्हायला पाहिजे असं तुम्हाला वाटतं?
– एक विद्यार्थिनी

आता आता म्हणणं बरोबर नाही. १९८५ साली दूरदर्शनवर ‘रजनी’ होती. प्रिया तेंडुलकर साडी नेसून, खांद्याला पर्स लावून गॅस सिलिंडरवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारायची. आठवड्यातून एक भाग, त्यात एक प्रश्न, आणि भाग संपेपर्यंत त्याचा निकाल. १९८९ला ‘उडान’ आली. कविता चौधरींनी लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यातली पोलीस अधिकारीही त्याच झाल्या. ती गोष्ट त्यांच्या बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य यांची. पुढं २००४ साली कांचन चौधरी उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. मराठीत २०१२ला रमाबाई रानड्यांवरची ‘उंच माझा झोका’ आली. ‘अग्गंबाई सासूबाई’ २०१९ची: निवेदिता सराफ यांची आसावरी, आणि विधवा सासूचं लग्न लावून देणारी सून. यातली एखादी मिळाली तर बघ, सगळ्यांची घाई नको.

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे दोन नावं आहेत. पहिलं तुझ्याही मनात आलं असेल. कित्तूर आपल्याच जिल्ह्यातलं. बेळगावच्या चौकात चन्नम्मा घोड्यावर बसलेली आपण रोज बघतो, पण १८२४ साली ती कोण होती? चाळिशी ओलांडलेली विधवा. राजा मल्लसर्ज आधीच गेलेला, त्याच वर्षी मुलगाही गेला. तिनं दत्तक घेतला, कंपनी सरकारनं तो मानला नाही. ऑक्टोबरात धारवाडचा कलेक्टर थॅकरे फौज घेऊन आला आणि लढाईत मारला गेला. नंतर कित्तूर पडलं, ती बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत राहिली आणि १८२९ला तिथंच गेली. तलवारीचे प्रसंग सगळे दाखवतील. मला बघायच्या आहेत लढाईच्या आधीच्या रात्री: मुलगा गेलेला, दारात कंपनीचा खलिता, आणि दरबारातल्या कुणावर विश्वास ठेवायचा हे एकटीनं ठरवायचं. आणि बैलहोंगलची ती कैदेतली वर्षंही.

दुसरं नाव इंदिरा संतांचं. त्या १९४६ला, बत्तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात तीन मुलं. बेळगावात राहून शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवलं, प्राचार्य झाल्या, आणि घर, नोकरी, मुलं यांच्या मधल्या वेळात मराठीतल्या पहिल्या प्रतीच्या कविता लिहिल्या. १९८४ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या आयुष्यात मोठ्या आवाजाचा एकही प्रसंग नाही म्हणून कुणी मालिका करणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण पगाराच्या दिवशी हिशेब लिहिता लिहिता वहीच्या मागच्या पानावर ओळ लिहिणारी बाई नीट दाखवता आली, तर मी रोज सगळं काम सोडून बसेन. तू लिहिणार असशील तर सुरुवात कर. बेळगाव तुला परकं नाही.

मॅडम, मी मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेला हवालदार. उचगावला राहतो. बायको माहेरची रायबागकडची, तिला कन्नड उत्तम येतं. ती ‘पुट्टक्कन मक्कळु’ या मालिकेचे भाग बघते. एकटी असली की हसण्याचा, टाळ्या वाजवल्याचा आवाज येतो. मी खोलीत गेलो की लगेच बातम्या लावते. मी तिला कधी रागावलो नाही, टीव्हीवरून तर नाहीच. मग असं का? मी काय करावं?
– एक वाचक, उचगाव

हवालदारसाहेब, पत्र लिहून विचारलंत याचं मला फार कौतुक वाटलं.

ती मालिका कशाची आहे ते आधी सांगते. पुट्टक्का ही खाणावळ चालवणारी बाई. तीन मुली. मुलगा झाला नाही म्हणून नवऱ्यानं दुसरा संसार थाटलेला. ती चूल पेटवते, गिऱ्हाइकांना वाढते, पैसे मोजते आणि मुलींना वाढवते. काम उमाश्री यांचं आहे. मूळच्या नाटकातल्या, २०१३ला शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात तेरदाळमधून आमदार झाल्या, मंत्रीही होत्या. या वयाची, या अंगाची, दंडावर पीठ लागलेली बाई मालिकेच्या मधोमध उभी आहे, हेच विशेष. ती कंबरेला पदर खोचून एखाद्या उर्मट माणसासमोर उभी राहते तेव्हा टाळी वाजणारच.

आता तुमच्या घरचं. तुम्ही सेवेत असताना सुट्टीला वर्षातून फार तर दोनदा येत असाल. बाकी दिवस घर कोणी चालवलं? भात लावणीला माणसं कुणी बोलावली, सोसायटीचं कर्ज कुणी फेडलं, तुमच्या आईंना बेळगावला दवाखान्यात कुणी नेलं, मुलांच्या शाळेत सही कुणी केली? आमच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी मी अशा कितीतरी बायका बघितल्या. नवरा पंजाबात नाहीतर काश्मिरात, आणि ही हातातल्या पिशवीत सातबाऱ्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळे कागद घेऊन रांगेत. तुम्ही निवृत्त होऊन आलात, तिला आनंदच झाला असेल. पण घरचा कारभार तुमच्याकडे आला आणि त्या सगळ्या वर्षांबद्दल तिला कुणी काही विचारलं नसेल. पुट्टक्कामध्ये तिला ती वर्षं दिसत असावीत, असा माझा अंदाज आहे. आणि त्या मालिकेतला नवरा वाईट आहे. तुम्ही तसे नाही. आपण टाळ्या वाजवतोय तर ह्यांना वाटेल, आपल्यालाच बोलतेय, म्हणून ती बातम्या लावत असेल. भीतीपेक्षा त्यात तुमच्याबद्दलची माया जास्त आहे.

तर असं करा. पहिल्या दिवशी फक्त जाऊन बसा. तिनं चॅनेल बदललं तर “राहू दे, मलाही बघू दे” म्हणा. “ही कोण, तो कोण” असं लगेच विचारू नका, गोष्ट अडते आणि माणूस चिडतो. चार-पाच दिवसांनी मागची गोष्ट सांग म्हणा. कन्नड तुम्हाला बाजारापुरतं येत असेल. न कळलेलं ती मराठीत सांगेल, आणि सांगताना तिच्या सांगण्याकडे बघा, टीव्हीकडे नाही बघितलं तरी चालेल. मग एखाद्या दिवशी, मालिका संपल्यावर, तुम्ही सीमेवर असताना विहिरीचं नाहीतर घराच्या कौलांचं काम तिनं कसं निभावलं ते विचारा. पैसे कुठून उभे केले, कोण आडवं आलं, कोण मदतीला आलं. मधे तोडू नका, आणि “मला कळवायचं होतंस” हे वाक्य तर अजिबात नको.

तिची मुभा असेल तर ती गोष्ट मला लिहून पाठवा. पुढच्या अंकात जागा ठेवते.